कानोत्याची रोजनिशी आणि मैदानातल्या लेकी

जयपूरला गेलेला मराठी माणूस हवामहल पाहतो, आमेरला जातो, जंतरमंतरच्या सावल्यांवरून घड्याळ जुळवून बघतो, बापू बाजारातून रजई आणि मोजड्या घेतो आणि परतीच्या गाडीत बसतो. आग्रा रस्त्यावर शहरापासून अवघ्या पंधरा किलोमीटरवर कानोता नावाचं गाव आहे, हे त्याला कुणी सांगत नाही. सांगितलं तरी तो म्हणतो, 'आणखी एक किल्लाच ना? पाहिले की तीन-चार!'

पण कानोत्याला जाण्याचं कारण किल्ला नाही. कारण आहे एक रोजनिशी. चव्वेचाळीस वर्षं लिहिलेली, एकोणनव्वद खंडांची. ती लिहिणारा माणूस घोडेस्वार होता, पोलो खेळायचा, खेळाच्या आणि तलवारीच्या जोरावर चीन, फ्रान्स, मेसोपोटेमिया पाहून आला आणि रात्री न चुकता दिव्यापुढे बसून दिवसाचा हिशोब कागदावर मांडत राहिला. आणि हे वाचताना आम्हाला सारखी आठवण होत होती ती पुण्याच्या काही मुलींची. त्याही मैदानी खेळ खेळतात, त्याही देशासाठी परदेशात गेल्या, पण त्यांची रोजनिशी मात्र कुणी ठेवलेली नाही. त्या मुलींचा खेळ आहे रग्बी. पोलोचा आणि रग्बीचा संबंध काय, आणि राजस्थानातल्या गढीचा पुण्याच्या मैदानाशी संबंध काय, असं तुम्ही विचाराल. थोडा दम धरा, घोडामैदान जवळच आहे!

घाटातून बाहेर

जयपूरहून कानोत्याला निघालात की शहराची पूर्वेकडची वेस ओलांडावी लागते. हा भाग म्हणजे 'घाट की गूणी'. डोंगराच्या खिंडीतून जुना रस्ता जातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना छत्र्या, देवळं, सज्जे असलेल्या जुन्या इमारतींची रांग आहे. २०१३ मध्ये डोंगर पोखरून बोगदा सुरू झाला आणि बहुतेक वाहनं आता त्यातून भुर्रकन निघून जातात. वेळ असेल तर वाटेत सिसोदिया राणीच्या बागेपाशी जरूर थांबा. सवाई जयसिंगाने १७२८ मध्ये आपल्या उदयपूरच्या राणीसाठी ती बांधून घेतली. कारंजी, पायऱ्यापायऱ्यांची बाग, भिंतींवर राधाकृष्णाची चित्रं. राणीसाठी बाग बांधली, पण शहराबाहेर आणि उंच भिंतींच्या आत! ही गोष्ट मनात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे.

घाट संपला की रस्ता सपाट होतो. ढाबे, फरशांची गोदामं, ट्रकची रांग. कुठल्याही हमरस्त्यावर दिसावं तसंच सगळं. कानोता आलं हे पाटी वाचूनच कळतं. ढूंढ नदीवरच्या धरणामुळे या गावाचं नाव जयपूरकरांना ठाऊक आहे. चांगला पाऊस झाला की शहरातली मंडळी धरणाचं पाणी बघायला इकडे लोटतात. (पाणी लांबूनच बघावं. पावसाळ्यात इथे दुर्घटना घडलेल्या आहेत.)

आणि मग गावाच्या आतल्या बाजूला गढी दिसते. चित्तोड किंवा कुंभलगढाच्या मानाने अगदीच लहान. आपल्याकडे देशमुखांची किंवा सरदारांची गढी असते ना, तिचाच मोठा भाऊ. जाड भिंती, बुरूज, कमानी, वर झरोके. १८७२ मध्ये ठाकूर जोरावरसिंह यांनी ती बांधली. हे घराणं चांपावत राठोडांचं, मूळ मारवाडातल्या पीलवा गावचं. एकोणिसाव्या शतकात तिथले भाऊ जयपूर दरबाराच्या चाकरीत आले, कर्तबगारीने चढत गेले आणि त्यांना ठिकाणी, म्हणजे जहागिरी, मिळाल्या. कानोता, गोंधेर आणि नायला ही ती तीन घरं. आज या गढीत हेरिटेज हॉटेल आहे आणि घराण्याच्या जुन्या वस्तू जपून ठेवलेल्या आहेत.

दहा वर्षांचा मुलगा आणि घोडा

जोरावरसिंहांचा नातू अमरसिंह. जन्म १८७८. वयाच्या दहाव्या वर्षी त्याची रवानगी जोधपूरला झाली, सर प्रतापसिंह यांच्या हाताखाली. सर प्रताप म्हणजे त्या काळचं मोठं प्रस्थ. जोधपूर संस्थानाचा कारभार त्यांच्या हाती, ब्रिटिश दरबारी त्यांचा दबदबा आणि घोड्यावर त्यांचं विलक्षण प्रेम. आज जगभर ज्याला 'जोधपुरी ब्रीचेस' म्हणतात, ती मांडीला सैल आणि पोटरीला घट्ट अशी घोडेस्वारीची विजार जगात गाजली ती त्यांच्यामुळे. १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाला ते इंग्लंडला गेले तेव्हा सोबत पोलोचा संघही घेऊन गेले.

अशा माणसाच्या तालमीत अमरसिंह वाढला. पहाटे उठायचं, घोडा फिरवायचा, भाला चालवायचा, पोलो खेळायचा. पण नशीब असं की तिथे त्याला रामनाथजी नावाचे चारण गुरू भेटले. त्यांनी पोराला पुस्तकांची गोडी लावली. १८९८ मध्ये, विशीत, त्याने इंग्रजीतून रोजनिशी लिहायला सुरुवात केली. सुरुवातीच्या वह्या गुरुजी वाचत आणि त्यावर शेरेही लिहीत. घरचा अभ्यास तपासावा तसे!

पुढे त्याचं आयुष्य एखाद्या कादंबरीसारखं झालं. १९०० मध्ये चीनमध्ये बॉक्सर बंड झालं तेव्हा जोधपूर लान्सर्सबरोबर तो तिकडे गेला. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने राजेरजवाड्यांच्या मुलांसाठी इम्पीरियल कॅडेट कोअर काढली, तिच्या पहिल्या तुकडीत तो होता. मग नऊ वर्षं महूच्या छावणीत. हे महू आपल्या ओळखीचं गाव, बाबासाहेब आंबेडकरांचं जन्मस्थान. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं आणि तो फ्रान्सच्या आघाडीवर पोचला, तिथून मेसोपोटेमियाला. १९१७ मध्ये सरकारने पहिल्यांदाच नऊ हिंदी अधिकाऱ्यांना किंग्ज कमिशन दिलं, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बरोबरीचा हुद्दा. त्या नऊ जणांत अमरसिंह एक होता. शेवटी जयपूर संस्थानाच्या घोडदळाची उभारणी करून तो मेजर जनरल म्हणून निवृत्त झाला. १९२८ मध्ये त्याने जयपुरात वडिलांच्या नावाने 'नारायण निवास' हा बंगला बांधला. तिथेही आज हॉटेल आहे.

आणि या सगळ्या धामधुमीत लिहिणं सुरूच होतं. पोलोचे सामने, घोड्यांची खोड, साहेबांच्या घरच्या मेजवान्या, कोण कसा बोलला, कुणी मान दिला, कुणी दिला नाही, सगळं. गोरे लोक 'नेटिवां'बद्दल लिहीत होते त्या काळात एक नेटिव गोऱ्यांबद्दल लिहीत होता! १ नोव्हेंबर १९४२ ला तो वारला, तेव्हाच ही लेखणी थांबली.

पुढे तीस वर्षं या वह्या घरातच होत्या. १९७१ मध्ये अमरसिंहांचे पुतणे आणि वारस मोहनसिंह यांनी त्या लॉइड आणि सुझान रुडॉल्फ या अमेरिकन प्राध्यापक जोडप्याला दाखवल्या. राजस्थानचा अभ्यास करायला ते १९५६ पासून जयपुरात येत होते. तिघांनी मिळून जवळजवळ तीन दशकं खपून पहिल्या सात वर्षांच्या नोंदींतून निवडक भागांचं एक जाडजूड पुस्तक तयार केलं. २००० साली ते आलं आणि कानोता हे नाव जगभरच्या विद्यापीठांत पोचलं. २०१४ मध्ये रुडॉल्फ पतिपत्नींना पद्मभूषण मिळालं. एका गावाला, एका घराला आणि एका खेळाडूला जगाने ओळखलं ते असं, कुणीतरी रोज लिहून ठेवलं म्हणून.

पोलोने रग्बीला कसं हरवलं

आता रग्बीकडे वळू. जोरावरसिंह कानोत्याची गढी बांधत होते त्याच वर्षी, १८७२ च्या नाताळात, कलकत्त्यात गोऱ्या साहेबांनी रग्बीचा सामना खेळला. एका बाजूला इंग्लिश, दुसऱ्या बाजूला स्कॉट, आयरिश आणि वेल्श. सामना इतका रंगला की पुढच्या वर्षी कलकत्ता फुटबॉल क्लब स्थापन झाला. पण रग्बी हा थंडीचा, चिखलाचा खेळ. कलकत्त्याचं ऊन, घाम आणि खडखडीत जमीन त्याला मानवेना. तेवढ्यात साहेबांना पोलोचं आणि टेनिसचं वेड लागलं. क्लबाचे सभासद गळू लागले.

शेवटी उरलेल्या सभासदांनी बँकेतले चांदीचे रुपये काढले. ते होते दोनशे सत्तर. ते वितळवून त्यांनी एक देखणा चषक घडवला आणि १८७८ मध्ये इंग्लंडच्या रग्बी संघटनेला देऊन टाकला. त्याच्या तिन्ही कड्या म्हणजे फणा काढलेले नाग आहेत आणि झाकणावर हत्ती. हाच 'कलकत्ता कप'. १८७९ पासून आजतागायत इंग्लंड आणि स्कॉटलंड त्यासाठी झुंजतात. म्हणजे रग्बीच्या जगातला सर्वांत जुन्या चषकांपैकी एक आपल्या रुपयांचा बनलेला आहे, आणि तो जन्माला आला तो आपल्याकडे पोलो जिंकला म्हणून! योगायोग बघा, १८७८ हेच पोलोपटू अमरसिंहांचं जन्मवर्ष.

त्यानंतर शतकभर राजस्थानात पोलोच राहिला. जयपूरचे महाराज सवाई मानसिंह यांच्या संघाने १९३३ मध्ये इंग्लंडमधल्या मोठ्या स्पर्धा एकामागून एक जिंकल्या. १९७० मध्ये या महाराजांचा मृत्यूही इंग्लंडमध्ये, पोलोच्या मैदानावरच झाला. रग्बी मात्र मुंबई, कलकत्ता, पुणे अशा शहरांतल्या जिमखान्यांत आणि लष्कराच्या छावण्यांत कसाबसा तग धरून राहिला.

झरोक्याच्या आत

कानोत्याच्या गढीत फिरताना मान वर करून झरोक्यांकडे बघा. बाहेरचं सगळं दिसावं, पण बाहेरच्याला आतलं माणूस दिसू नये, अशी त्यांची रचना. खालच्या चौकात घोडे, पोलोच्या काठ्या, पाहुणे, शिकारीच्या गप्पा. वर जनाना.

अमरसिंहांच्या रोजनिशीचं मोल इथे कळतं. घोड्यावरच्या पुरुषाने घराच्या आतलंही लिहिलं. जयपूर शहरातल्या कानोता हवेलीत तेव्हा शंभरेक माणसांचा राबता होता. १९०१ मध्ये त्याचं लग्न झालं. पत्नी रसाल कंवर. तिला लिहिता-वाचता येत होतं, याचं त्याला अप्रूप होतं. पण वडीलधाऱ्यांच्या देखत बायकोशी बोलायची सोय नव्हती. भेट रात्रीच, ती सुद्धा गुपचूप. सासू-सुनांचे ताणेबाणे, कुणी कुणाला काय बोललं, नवराबायकोने एकमेकांना काय सांगितलं, हे सगळं त्याने बारकाईने टिपलं आहे.

मराठी वाचकाला हे वाचताना रमाबाई रानडे आठवल्याशिवाय राहत नाहीत. सासरच्या बायकांची बोलणी सोसत त्या न्यायमूर्तींकडून रात्री धडे घेत होत्या. फरक एवढाच की रमाबाईंनी आपल्या आठवणी स्वतः लिहिल्या आणि १९१० मध्ये त्या छापूनही आल्या. रसालबद्दल आपण जे जाणतो ते नवऱ्याच्या वहीतून. तिच्या हातची वही आपल्यासमोर नाही.

अमरसिंह चीनला गेला, फ्रान्सला गेला. रसाल उंबरठ्याच्या आत. त्याला मैदान होतं, तिला झरोका होता. दोघं एकाच घरातली, एकाच काळातली, एकमेकांवर जीव असलेली. तरी एकाचं जग पृथ्वीएवढं आणि दुसरीचं चौकाएवढं!

हे बदलायला जयपुरात सुरुवात झाली ती १९४३ मध्ये, अमरसिंहांच्या निधनानंतर वर्षभरातच. महाराणी गायत्रीदेवींनी मुलींची शाळा काढली. पडद्यात वाढलेल्या ठाकुरांच्या मुली तिथे शिकायला आल्या, आणि खेळायलाही. स्वतः गायत्रीदेवी घोड्यावर बसत, टेनिस खेळत. मुलगी धावताना लोकांना दिसली म्हणून आभाळ कोसळत नाही, हे पटायला जयपूरला इतकी वर्षं लागली. जयपूरलाच कशाला, आपल्याही गावागावांत काही वेगळं नव्हतं.

एमिलीची वही

रग्बीची कथाही अशीच आहे. १८८७ च्या सुमारास आयर्लंडमधल्या एनिसकिलन गावच्या शाळेत एका सामन्यात एक गडी कमी पडला. दहा वर्षांची एमिली व्हॅलेंटाइन काठावर उभी राहून भावांचा खेळ बघत होती. कोट-टोपी काढून ती मैदानात उतरली, चेंडू घेऊन धावली आणि गोलरेषेपलीकडे टेकवून आली! रग्बी खेळलेली पहिली ज्ञात मुलगी ती हीच. आणि ही गोष्ट आपल्याला कशी कळली? मोठेपणी एमिलीने आपल्या आठवणी एका वहीत लिहून ठेवल्या होत्या म्हणून. पुन्हा वहीच!

महिलांचा पहिला रग्बी विश्वचषक व्हायला १९९१ साल उजाडलं. वेल्समध्ये झालेल्या त्या स्पर्धेला आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता नव्हती. पैशाची चणचण एवढी की सोव्हिएत संघाच्या मुली खर्च भागवण्यासाठी व्होडका आणि कॅव्हियर विकायला घेऊन आल्या होत्या. अंतिम सामन्यात अमेरिकेने इंग्लंडला १९–६ ने हरवलं. २०२५ मध्ये लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर इंग्लंडच्या मुलींनी कॅनडाला हरवून हाच चषक जिंकला, तेव्हा प्रेक्षक होते ऐंशी हजारांहून अधिक. चौतीस वर्षांत केवढा पल्ला!

पुण्याची वाहबिझ

आपल्याकडे भारतीय रग्बी संघटना १९९८ मध्ये स्थापन झाली आणि त्याच वर्षी पुरुषांचा संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला. त्या संघात अभिनेता राहुल बोस होता. पुढे तोच संघटनेचा अध्यक्ष झाला. महिलांचा सात जणींचा संघ २०१० च्या ग्वांगझू आशियाई खेळांत उतरला. पण पंधरा जणींचा संपूर्ण रग्बी सामना खेळायला भारतीय मुलींना २०१८ पर्यंत थांबावं लागलं. पुरुषांनंतर बरोबर वीस वर्षं.

या मुलींत पुण्याच्या मुली होत्या. पुण्यात काही प्रशिक्षकांनी आणि क्लबांनी मुलींच्या हातात हा लंबगोल चेंडू दिला आणि तिथून भारताच्या संघात एकापाठोपाठ एक मुली गेल्या. नेहा परदेशी त्यातलीच. आणि वाहबिझ भरुचा ही तर भारताची कर्णधार झाली. पुण्याची पारशी मुलगी, पेशाने फिजिओथेरपिस्ट. म्हणजे दिवसा लोकांचे दुखरे गुडघे आणि खांदे बरे करायचे आणि संध्याकाळी स्वतःचे गुडघे आणि खांदे पणाला लावायचे!

ज्यांनी रग्बी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चेंडू हातात घेऊन पळायचं आणि प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा. याला म्हणतात ट्राय, गुण पाच. त्यानंतर खांबांमधून लाथेने चेंडू मारता आला तर आणखी दोन. प्रतिपक्षाने नियम मोडला आणि पेनल्टी मिळाली तर त्या किकचे तीन. गंमत अशी की हाताने चेंडू पुढे फेकायचा नाही. तो मागच्या किंवा बाजूच्या गड्यालाच द्यायचा. म्हणजे पुढे जायचं तर मागे कोण आहे याचं भान हवं. आणि प्रतिपक्षाचे गडी तुम्हाला कवेत पकडून खाली पाडणार, हे गृहीतच. आपल्या कबड्डीत चढाईला गेलेल्या मुलीला जशी पकड बसते तशीच, फक्त इथे ती ऐंशी मिनिटं बसत राहते. सात जणींचा प्रकार त्या मानाने सुटसुटीत. सात-सात मिनिटांचे दोन डाव, पण धावून धावून छाती फुटायची वेळ.

२०१९ च्या जूनमध्ये फिलिपाइन्सची राजधानी मनिला इथे आशियाई स्पर्धा झाली. वाहबिझच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ सिंगापूरशी खेळला. या संघाने पंधरा जणींच्या रग्बीत तोवर एकही आंतरराष्ट्रीय सामना जिंकलेला नव्हता. सामना संपत आला आणि भारताला पेनल्टी मिळाली. ती मारायला पुढे आली ओडिशाची सुमित्रा नायक. जाजपूर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलखातून भुवनेश्वरच्या आश्रमशाळेत आलेली आणि तिथेच रग्बी शिकलेली पोर. चेंडू खांबांमधून गेला. २१–१९! दोन गुणांनी भारत जिंकला. ब्राँझपदक मिळालं, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे 'आपण जिंकू शकतो' हे समजलं. त्याच संघात पाटणा जिल्ह्यातल्या बाढ भागातली स्वीटी कुमारी होती. वाऱ्यासारखी पळणारी. त्याच वर्षी महिला रग्बीला वाहिलेल्या एका परदेशी प्रकाशनाने तिला वर्षातली सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरवलं.

पुण्याची पारशी कर्णधार, ओडिशाची आदिवासी मुलगी, बिहारच्या खेड्यातली मुलगी. अमरसिंहांच्या काळी पोलो खेळायला घोडा लागे, घोडा ठेवायला जहागीर लागे. या मुलींना लागला एक चेंडू, एक मोकळं मैदान आणि 'जा, खेळ' म्हणणारं कुणीतरी. यातली तिसरी गोष्ट सर्वांत महाग!

मग अडतं कुठे?

त्यानंतरही पदकं आली. २०२२ मध्ये जकार्तात आणि २०२४ मध्ये काठमांडूत आशियाई सेव्हन्स ट्रॉफीत भारतीय मुलींनी रौप्य मिळवलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये बिहारमधल्या राजगीरला वीस वर्षांखालील मुलींनी आशियाई स्पर्धेत ब्राँझ जिंकलं. हार सुद्धा पदरी आली. २०२३ च्या हांगचौ आशियाई खेळांत पदक हाती लागलं नाही. खेळ म्हटला की हे चालायचंच.

पण खरी अडचण मैदानाबाहेर आहे. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत रग्बीची पहिली व्यावसायिक लीग झाली. सहा संघ, परदेशी खेळाडू, दिव्यांचा लखलखाट, टीव्हीवर सामने. सहाच्या सहा संघ पुरुषांचे. वाहबिझसारख्या कर्णधाराला हातात वेगळा पेशा ठेवूनच देशासाठी खेळावं लागलं. शहरातल्या शिकलेल्या मुलीला ते जमतं तरी. सुमित्राच्या गावातल्या मुलीने काय करावं? विशीपर्यंत खेळायचं आणि मग? लग्नाच्या बाजारात खेळातल्या जखमेची खूण हा गुण धरतात की दोष, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. 'तोंडावर लागलं तर कसं होईल गं तुझं?' हा प्रश्न मुलाला कुणी विचारत नाही.

आणि दुसरी अडचण म्हणजे नोंद. भारतीय पुरुष क्रिकेटपटूने शाळेत किती धावा काढल्या हे सुद्धा छापून येतं. पण मनिलातल्या त्या सामन्यात पंधरा जणी कोण होत्या, कुणाचा खांदा दुखावला होता, आदल्या रात्री कोण रडलं, कुणाच्या घरी फोन करून काय सांगितलं, हे सगळं कुठे आहे? कुठल्या वहीत?

कानोत्याच्या गढीने हेच शिकवलं. पोलोचे शेकडो खेळाडू होऊन गेले. अमरसिंहाहून सरस खेळणारेही त्यात असतील. त्यांची नावं पुसली गेली. हा राहिला, कारण त्याने रोज लिहिलं. आणि त्याच्याबरोबर झरोक्यामागची रसालही थोडीशी राहिली. ती स्वतः लिहिती तर किती राहिली असती!

म्हणून घरात खेळणारी मुलगी असेल, रग्बी असो, कबड्डी, खो-खो किंवा कुस्ती, तर तिला बूट घेऊन द्याल तेव्हा सोबत एक शंभर पानी वही सुद्धा घेऊन द्या. आज किती धावले, कुठे पडले, कोण ओरडलं, कुणी पाठ थोपटली, चार ओळी. मराठीत लिहील, मोडक्यातोडक्या लिहील, चालेल. अमरसिंहांच्या वहीवर गुरुजींनी शेरे लिहिले तसे तुम्ही लिहू नका. फक्त वह्या सांभाळून ठेवा. वीस वर्षांनी तिच्या मुलीला कुणी विचारलं की 'तुझी आई काय खेळायची?', तर उत्तर कपाटात असलं पाहिजे.

कसं जाल?

मुंबई सेंट्रलहून आणि पुण्याहून जयपूरला थेट रेल्वेगाड्या आहेत. विमानतळ सांगानेरला. जयपूरहून आग्रा रस्त्याने टॅक्सीने कानोता गाठता येतं. घाट की गूणीचा जुना रस्ता आणि सिसोदिया राणीची बाग पाहायची असेल तर चालकाला आधीच सांगा, नाहीतर तो बोगद्यातून नेईल. ऑक्टोबर ते मार्च हा काळ उत्तम. एप्रिल-मेमध्ये ऊन सोसवत नाही. गढी हे खाजगी हॉटेल असल्यामुळे मुक्काम करायचा नसेल तर आत पाहता येईल का, हे आधी विचारून घ्या. अर्धा दिवस पुरतो. आणि हो, पोलोच्या मोसमात जयपूरच्या रामबाग मैदानावर सामना असेल तर तोही चुकवू नका. घोड्यांच्या टापांचा आवाज ऐकताना क्षणभर आठवा, याच खेळाने कधीकाळी रग्बीला कलकत्त्यातून पिटाळलं होतं. त्याच रग्बीचा चेंडू आता आपल्या लेकींच्या हातात आहे!